काखेची शिवण

पोरगा आला तेव्हा मी गासडी फोडत होते.
पंचावन्न किलो, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली.
पैसे आधी, आतला माल नंतर; जुगारच म्हण.
म्हणाला, मी योरिट. नेदरलँड्सहून आलोय.
एका कपड्यांच्या कंपनीचं मूल्यमापन करतो,
ती पर्यावरणाला किती जपते त्याचं.
म्हटलं, बस. कोटांवर नको, स्टुलावर.

त्याच्या हातात काचेची पाटी.
कापूस कुठला, पाणी किती, धूर किती,
एक ते पाच गुण द्या.
मी म्हटलं, मी कापसाचं शेत पाहिलं नाही,
तुमच्या कारखान्याची चिमणीही नाही.
मी झिफा. आक्रात कांतामांतो बाजारात एकोणीस वर्षं
लोकांनी टाकलेलं उसवते
आणि पुन्हा नेसण्याजोगं करते.

शितावरून भात कळतो म्हणतात.
मला टाक्यावरून.
हा तुमच्या कंपनीचा सदरा: इंचात सात टाके,
मागे कोणी लागल्यासारखे मारलेले.
आणि हा कुणा म्हाताऱ्याचा. मोज. चौदा.
कॉलर झिजली तेव्हा कुणीतरी उलटून लावलीय,
प्रेमानं असेल, काटकसरीनं असेल.
काटकसरीनंच असावी. ती जास्त टिकते.

आमच्याकडे या मालाला म्हणतात, गोरा मेला.
जुनी माणसं समजायची, इतके चांगले कपडे
जिवंत माणूस कशाला देईल?
आता गासडी उघडली की कळतं,
कुणीही मेलेलं नाही.
कंटाळलेत फक्त.

तो लिहीत होता. मग थांबला.
"जे विकलं जात नाही, ते कुठे जातं?"
मी हनुवटीनं दाखवलं. तिकडे खाडी, पलीकडे समुद्र.
समुद्र पिळतो, पीळ घालून परत आणून टाकतो.
माझा भाऊ सेनानू होडीवर असतो.
परवा म्हणाला, आज जाळ्यात
तीन पँटी, एक बाही, आणि बांगडा एकच.
हसला. मग जाळं फाडून सोडवत बसला
संध्याकाळपर्यंत.

गुण हवेत ना? आगीनं दिलेत.
ती रांग जळाली त्या रात्री माझं टेबलही गेलं.
सुती होतं त्याची राख झाली,
सकाळी झाडूनं गोळा केली.
तुमच्या कंपनीचं वितळलं.
हे बघ, पायाखाली, हा काळा डाग.
खरवडला, घासला, रॉकेल ओतलं.
हिरवं पान छापलेली चिठ्ठी असायची त्याला,
पुनर्वापराच्या धाग्याचा, म्हणून.
खरंच असेल. फरशी तरी अजून वापरतेय.

तेवढ्यात मेमुना आली, डोक्यावर दुसरी गासडी.
मान वाकडी करून उतरवली, पाणी प्याली, गेली.
योरिटनं विचारलं, हिचं वजन किती?
मी म्हटलं, हिचं की गासडीचं?
तो गप्प बसला.
मला वाईट वाटलं. पोरगा वाईट नाही,
फक्त त्याच्या पाटीत तो प्रश्न नव्हता
आणि त्याला ते आत्ता कळलं.

उठताना त्यानं हात वर केला
आणि काखेत टर्र झालं.
आम्ही दोघांनी ऐकलं.
मी काही बोलले नाही. लेबल बघायची गरजच नव्हती.
काढ म्हटलं.
म्हाताऱ्याच्या कोटाच्या अस्तरातून
एक लांब दोरा ओढून घेतला, मेणचट, तपकिरी, 
तुटेना म्हणून दातांनी तोडला,
आणि त्याची काख शिवली. चौदा टाके इंचाला.
तो बनियनवर उभा, पाटी छातीशी धरून.

दहा सेडी, म्हटलं.
दिले. मग लाजत म्हणाला,
पावती मिळेल का? ऑफिसला दाखवावी लागते.

कागद कुठून आणू?
गासडीत एक चिठ्ठी सापडली, तीच, हिरव्या पानाची.
मागची बाजू कोरी होती.
लिहिलं: काख, उजवी. दहा सेडी.
खाली सही केली.
मग थोडं थांबून,
सहीखाली: डावीही जाईल.